चलन सेटल करणारे, चलनाची तक्रार आणि लोकअदालत, तिन्ही ठिकाणचा रिव्ह्यू

घरातल्या दोन गाड्यांवर ई-चलनं साठलेली, स्कूटर माझी आणि कार दादाची, आणि ती मिटवताना तीन वेगवेगळ्या ठिकाणी डोकं लावावं लागलं म्हणून तिन्हीचा एकत्रच रिव्ह्यू टाकतेय. एक म्हणजे त्या 'पेंडिंग चलन सेटल करून मिळेल' वाल्या प्रायव्हेट सर्व्हिस, दुसरं सरकारी ॲपमधला तक्रारीचा ऑप्शन आणि त्याच्या मागोमाग वाहतूक शाखेचं ऑफिस, आणि तिसरी लोकअदालत. घाईत असाल तर एवढंच वाचा, चुकीचं चलन आणि बरोबर चलन एकत्र करायचं नाही. चुकीच्या चलनावर सूट मागत बसायचं नाही, ते रद्दच करून घ्यायचं. मांडवली करायची ती खरोखर आपल्या हातून झालेल्या प्रकारावर. बाकी सगळा रिव्ह्यू याच्याच पोटात येतो.

आधी ती सर्व्हिस. नाव देत नाही कारण या सगळ्यांच्या जाहिराती एकाच माणसाने लिहिल्यासारख्या असतात, 'कोर्टाच्या चकरा विसरा, ५०% पर्यंत बचत, फक्त गाडी नंबर पाठवा'. दादाने नंबर पाठवला, त्यांनी दहा मिनिटात अख्खी यादी पाठवली, की दादा एकदम इम्प्रेस, अरे काय फास्ट आहेत. आता ही यादी कुणालाही सरकारी साइटवर गाडी नंबर आणि चासी नाहीतर इंजिन नंबरचे शेवटचे आकडे टाकून फुकट दिसते, त्यात यांचं कर्तृत्व काही नाही. मग त्यांनी एक आकडा सांगितला, त्यात दंड किती आणि यांची फी किती हे वेगळं नाही, सगळं मिळून एकच रक्कम, आणि थोडा ॲडव्हान्स. दादाने तो भरला. नंतर मी फोन लावला, म्हटलं या यादीत सिग्नलचं एक चलन आहे त्याचा फोटो बघितलात का तुम्ही, तर पलीकडचा पोरगा म्हणतो, "मॅडम फोटो बघायची गरजच नाही, आपण सगळी एकत्र टाकतो ना, रेट चांगला बसतो."

बस, इथेच माझा यांच्यावरचा विश्वास उडाला. कारण मोटार वाहन कायदा १९८८, त्यातलं कलम २०० म्हणजे तडजोड, तुम्ही ठरलेली रक्कम भरली की केस संपली, पण संपली म्हणजे तुम्ही लढला नाहीत, गुन्हा तुमच्या गाडीच्या नावावर झाला तो झालाच. आणि याच कायद्यात बऱ्याच ठिकाणी पहिल्या वेळचा दंड वेगळा आणि दुसऱ्या वेळचा वेगळा. साधं कलम १७७ घ्या, ज्यात नो पार्किंगपासून किरकोळ सगळं येतं, २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्यांदा ५०० आणि पुढच्या वेळी १५००. म्हणजे न केलेलं चलन स्वस्तात मिटलं म्हणून भरून टाकलं तर पुढचं खरं चलन तिप्पट भावाने बसायची सोय आपणच करून ठेवली. हेल्मेटच्या १९४ड मध्ये तर दंडाबरोबर तीन महिने लायसन्स अपात्र ठरवायची तरतूद आहे, आणि ते चलन दुसऱ्याच्या गाडीचं असून तुमच्या गळ्यात आलेलं असेल तर? हे त्या पोराला विचारलं तर म्हणाला तसं काही होत नाही मॅडम. होत नसेलही, पण ज्याचं लायसन्स आहे त्याने कशाला रिस्क घ्यायची. काम थांबवा म्हटल्यावर ॲडव्हान्स 'प्रोसेसिंग'मध्ये गेला तो गेलाच. यांना एक स्टार, तोही यादी नीट फॉरमॅट करून पाठवली म्हणून.

याच्याच जोडीला एक इशारा, व्हॉट्सॲपवर 'आरटीओ चलन' नावाची एपीके फाइल (म्हणजे उघडली की फोनमध्ये ॲप बसवणारी) आली तर हात लावू नका, कुणी पाठवली हे बघायचंच नाही, ओळखीच्या माणसाच्या नंबरवरून पण येते कारण त्याचा फोन आधीच हॅक झालेला असतो. चलन बघायची खरी सरकारी साइट गव्ह डॉट इनवर संपते, बाकी सगळ्या लिंका सोडून द्या.

आता तक्रारीकडे. माझ्या स्कूटरवर विना हेल्मेटचं एक चलन आलेलं, अशा रस्त्यावरचं जिथे माझी स्कूटर कधी गेलेलीच नाही. लोक काय करतात, मेसेज बघतात, शिव्या घालतात आणि पेंडिंग ठेवतात. फोटो उघडतच नाहीत. फोटो उघडा, मोठा करा, सगळं त्यातच असतं. माझ्या चलनावरच्या फोटोत स्कूटर राखाडी, मागे कॅरियर लावलेला, माझी लाल आणि कॅरियर नाही. नंबर मात्र हुबेहूब माझा वाटत होता, मग अजून झूम केल्यावर कळलं की त्या प्लेटवर इंग्रजी तिनाच्या उघड्या बाजूला नेमका काळा बोल्ट ठोकलेला, त्यामुळे तो आठ दिसतोय. मशीनने आठ वाचला, पुढे कुणी तपासलं नाही, आणि मेसेज माझ्या फोनवर.

ॲपवर तक्रार टाकायची सोय चांगली आहे हे मान्य करायला पाहिजे, चलन नंबर निवडायचा, कारण लिहायचं, फोटो जोडायचे. मी आरसीचा फोटो जोडला कारण त्यावर गाडीचा रंग, कंपनी, मॉडेल सगळं छापलेलं असतं, आणि माझ्या स्कूटरचा मागून काढलेला फोटो. उत्तर आलं एका ओळीचं, फोटोनुसार कारवाई योग्य आहे, तक्रार निकाली. निकाली! ज्याने हे टाइप केलं त्याने दोन फोटो शेजारी ठेवून बघितले असते तर लहान पोरानेसुद्धा सांगितलं असतं की या दोन वेगळ्या गाड्या आहेत.

म्हणून मग वाहतूक शाखेचं ऑफिस. इथे काम झालं, आणि झालं ते कागदामुळे. साधा अर्ज, 'मा. पोलीस निरीक्षक, वाहतूक शाखा यांस', विषय चलन क्रमांक अमुक रद्द करणेबाबत, खाली चार ओळीत फरक लिहिलेले, रंग हा, कॅरियर असा, नंबरातला अमुक आकडा असा, सोबत दोन्ही फोटोंचे कलर प्रिंट आणि आरसीची झेरॉक्स. कलर प्रिंट काढा बरं का, ब्लॅक अँड व्हाइट झेरॉक्समध्ये लाल आणि राखाडी सारखेच दिसतात, माझ्या पुढच्या माणसाचं त्यावरूनच अडलेलं. अर्जाच्या दोन प्रती न्यायच्या आणि एकीवर पोच घ्यायची, शिक्का आणि तारीख. पोच मागितली की कागदाला वजन येतं हे सरकारी ऑफिसात गेलेल्या कुणालाही सांगायला नको.

टेबलावरच्या हवालदारांनी फोटो बघितले आणि पहिला प्रश्न, "ताई, गाडी आणलीय का?" आणलेली होती, बाहेर आले, मागून पुढून मोबाईलमध्ये फोटो घेतला, चासी नंबर बघितला, म्हणाले हे होणार रद्द, साहेबांची सही झाली की. झालं पण. ॲपवर एका ओळीत उडवलेली तक्रार समोर गाडी उभी केल्यावर पाच मिनिटांत पटली. त्यामुळे ज्यांचं चलन दुसऱ्याच गाडीचं आहे त्यांनी थेट गाडी घेऊन जा.

दादाच्या सिग्नलच्या चलनाची गंमत वेगळी. तिथे गाडी त्याचीच, वेळ बरोबर, दिवा लाल, सगळं खरं. पण आरोप सिग्नल तोडल्याचा. फोटो दोन होते, दोन्हीमध्ये काही सेकंदांचा फरक, आणि दोन्हीमध्ये कार त्याच जागी, पुढची चाकं स्टॉप लाइनच्या पुढे झेब्रावर आणि मागची चाकं लाइनच्या अलीकडे. मधल्या वेळात आडव्या रस्त्यावरची रिक्षा बरीच पुढे सरकलेली दिसते, दादाची कार तसूभर हललेली नाही. म्हणजे गाडी लाइन ओलांडून थांबलेली, सिग्नल तोडून गेलेली नाही.

लोकांना हा फरक किस पाडल्यासारखा वाटतो पण कलम बदललं की सगळं बदलतं. सिग्नलचं पालन न करणं कलम ११९ मध्ये बसवून १७७ खाली साधा दंड लावता येतो, आणि लाल दिवा तोडणं कलम १८४ च्या धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये पण येतं, जिथे १००० ते ५००० दंड आणि तुरुंगवासाची पण तरतूद आहे. म्हणून चलन उघडल्यावर रकमेच्या आधी कलम वाचायची सवय लावा. दादाच्या चलनावर १८४ होतं. तिथले पीएसआय साहेब सुरुवातीला ऐकायला तयार नव्हते, "कॅमेऱ्याने पकडलंय, कॅमेरा काय खोटं बोलतो का", मी म्हटलं साहेब कॅमेरा खोटं बोलत नाहीये, कॅमेराच सांगतोय की गाडी हलली नाही, तुम्ही रिक्षा बघा. त्यांनी दोन्ही प्रिंट शेजारी ठेवले, पेनाने रिक्षावर गोल केला, मग दुसऱ्यावर गोल केला, आणि म्हणाले ठीक आहे, लाइनचं आहे हे. मोठं कलम गेलं, त्याऐवजी १७७ वर आलं, ५०० रुपये, दादाने तिथेच भरले. सूट म्हणून एक रुपया मागितला नाही आम्ही, आरोप जेवढा खरा तेवढाच ठेवा एवढंच म्हणणं होतं. आणि दादाने "लाइन ओलांडली हे मान्य" असं आधीच सांगून टाकलं त्याचा मला वाटतं सगळ्यात जास्त फायदा झाला, समोरचा माणूस पण नरम पडतो जेव्हा तुम्ही सगळंच नाकारत नाही.

कॅमेऱ्याच्या चलनावर बोलायला जायचं असेल तर एक नियम पाठ करून जा, केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १६७अ, ऑगस्ट २०२१ मध्ये आला. त्यात लिहिलंय की कॅमेऱ्याच्या चलनाबरोबर गुन्हा आणि नंबर प्लेट दोन्ही दिसणारा फोटो पाहिजे, तारीख वेळ ठिकाण पाहिजे, कुठलं कलम मोडलं ते पाहिजे, स्पीडचं असेल तर मशीनने मोजलेला आकडा पाहिजे, नोटीस घटनेपासून १५ दिवसांत पाठवायची, आणि ते मशीन मान्यताप्राप्त असून त्याचं सर्टिफिकेट दरवर्षी रिन्यू झालेलं पाहिजे. कॅमेरा आहे अशी पाटी पण रस्त्यावर ठळक लावलेली असायला हवी. हे सगळं टेबलावर नेऊन आपटायचं नसतं, तसं केलं की समोरचा 'मग कोर्टात जा' म्हणून मोकळा. शांतपणे एक मुद्दा धरायचा जो फोटोत दिसतोय. पोलिसांनी खासगी मोबाईलवर फोटो काढून नंतर चलन टाकायच्या प्रकारावर पण २०२५ मध्ये महाराष्ट्रात वरून परिपत्रक निघालं की असं करू नका, तेव्हा त्या जातीचं चलन असेल तर तो मुद्दा धरा.

तक्रारीच्या ॲपला दोन स्टार, ऑफिसला चार. पाचवा कापला कारण बसायला एकच बाकडं आणि साहेब कधी येणार हे कुणालाच माहीत नसतं.

उरली लोकअदालत. इथे मी फक्त ती चलनं नेली जी आमचीच होती, म्हणजे नो पार्किंगची वगैरे, ज्यावर भांडायला काही नाही. राष्ट्रीय लोकअदालत साधारण वर्षातून चार वेळा भरते, २०२५ मध्ये ८ मार्च, १० मे, १३ सप्टेंबर आणि १३ डिसेंबर अशा तारखा होत्या, शनिवारच असतो. आधी काही दिवस मोबाईलवर मेसेज येतो की तुमचं अमुक चलन लोकअदालतीत ठेवलंय. मेसेज आला नसेल तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसात नाहीतर वाहतूक शाखेत विचारून नाव घालता येतं का ते बघा, अजून कोर्टात न गेलेली म्हणजे दाखलपूर्व प्रकरणं पण तिथे घेतात. कोर्ट फी नाही, वकील लागत नाही. आणि वकील हवाच असेल तर बायकांसाठी एक गोष्ट, विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना मोफत विधी साहाय्य मिळतं आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. हे एजंट लोक कुठल्याच जाहिरातीत सांगणार नाहीत.

तिथलं दृश्य म्हणाल तर कोर्ट म्हटल्यावर जी भीती वाटते तसलं काही नाही. कॉरिडॉरमध्ये टेबलं मांडलेली, बँकेच्या थकबाकीवाल्यांची वेगळी गर्दी, लाइट बिलवाल्यांची वेगळी, ट्रॅफिकवाल्यांची रांग सगळ्यात लांब पण सरकते भराभर. आधी पोलिसांच्या टेबलावर चलनाचा प्रिंट बघून रजिस्टरमध्ये नाव, मग पॅनलसमोर. पॅनलमध्ये एक न्यायाधीश, सोबत वकील आणि एक सामाजिक कार्यकर्ते. आमच्या पॅनलवर मॅडम होत्या, चष्म्यावरून बघून एकच विचारलं, "काय म्हणणं आहे?"

इथे बहुतेक लोक चुकतात, गोष्ट सांगत बसतात, आईला दवाखान्यात नेत होते, पाचच मिनिटं लावलेली वगैरे. मागे दीडशे माणसं उभी असतात, कुणाला ऐकायला वेळ नाही. मी म्हटलं मॅडम, नो पार्किंगची दोन आहेत, दोन्ही मान्य आहेत, एक ५०० चं आणि एक १५०० चं, आज लगेच भरते, रक्कम कमी करून मिळावी. त्यांनी पोलिसांकडे बघितलं, पोलिसांनी मान हलवली, दोन्ही मिळून हजारावर आलं. कागदावर सही, बाजूच्या टेबलावर क्यूआरवर पेमेंट, पावती. मान्य आहे, आज भरते, कमी करा, एवढ्या तीन गोष्टी बोला आणि गप्प राहा. माझ्या पुढच्या काकांनी "साहेबांनी मुद्दाम पकडलं" असं सुरू केलं आणि मॅडमनी त्यांना सरळ सांगितलं की वाद असेल तर मग हे नेहमीच्या कोर्टात चालवा, इथे तडजोड होते. बरोबरच आहे, लोकअदालत कुणावर निकाल लादत नाही, दोन्ही बाजूंना पटलं तर मिटवते, नाही पटलं तर प्रकरण परत जिथून आलं तिथे.

आणि म्हणूनच चुकीचं चलन तिथे नेऊ नका म्हणते. एकदा तिथे निवाडा झाला की विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम २१ प्रमाणे तो अंतिम, त्यावर अपील नाही. राखाडी स्कूटरचं चलन मी निम्म्या भावात तिथे मिटवलं असतं तर वरून फोटो कितीही बोलला असता तरी विषय संपला होता.

सूट किती मिळेल हा प्रश्न सगळेच विचारतात, तर लोकअदालतीत अमुक टक्के मिळालेच पाहिजेत असं कायद्यात काही नाही, वेळेवर, पॅनलवर आणि चलन कसलं त्यावर आहे. लोक ते कर्नाटकातलं उदाहरण देतात, फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथे पेंडिंग चलनांवर सरसकट ५०% सूट होती, किंवा तेलंगणात मार्च २०२२ मध्ये टूव्हीलरला ७५% आणि कारला ५०%. ते तिथल्या सरकारने ठराविक मुदतीपुरतं काढलेलं, ते दाखवून इथल्या पॅनलसमोर हुज्जत घालण्यात अर्थ नाही. दारू पिऊन गाडी चालवल्याचं १८५ चं प्रकरण असेल तर तिकडे फिरकूच नका, त्यात तडजोड नाही, पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद नाहीतर १०,००० दंड किंवा दोन्ही, आणि ते रेग्युलर कोर्टातच जातं. अल्पवयीन पोराच्या हातात गाडी दिल्याचं १९९अ पण तसंच, तिथे पालकाला २५,००० दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे, मग कुणी कितीही 'सेटल करतो' म्हणू दे.

लोकअदालतीला साडेचार. अर्धा कापायचं कारण पैसे भरून झाल्यावरचं आहे. पावती हातात असून ऑनलाइन यादीत ती दोन चलनं बरेच दिवस पेंडिंगच दिसत होती, म्हणजे मधे कुठे नाकाबंदीत अडवलं असतं तर मशीनवर थकबाकीदारच ठरले असते. तेव्हा पावतीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, मूळ पावती आरसीबरोबर, आणि यादीतून नाव निघत नसेल तर पावतीची झेरॉक्स जोडून वाहतूक शाखेत पुन्हा एक अर्ज, पुन्हा पोच. गाडी विकायला काढणार असाल तर हे विकायच्या आधीच उरका, घेणारा हल्ली गाडी बघायच्या आधी पेंडिंग चलन बघतो आणि त्यावरून भाव पाडतो.

एजंटचे मेसेज अजून येतात दादाला, आता ६०% म्हणतायत.